वेलीला ताण, आम्हाला ताप

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपले साठतात. निफाडजवळच्या आमच्या द्राक्ष केंद्रात मी चौदा वर्षं काढली. तेवढ्या काळात संशोधनाच्या अहवालांनी दीड कपाट भरलं आणि ते सगळे अहवाल वाळवीनं खाल्ले. किस्से मात्र तिच्याही पचनी पडले नाहीत! आता कुणी जुना माणूस भेटला की चहा यायच्या आधी पहिला किस्सा सुरू होतो, आणि चहा गार होईपर्यंत पाचवा.

केंद्र म्हणजे काय, तर पत्र्याची एक प्रयोगशाळा, दोन एकर थॉमसन द्राक्षांचा बाग, एक जीप आणि तीन माणसं. एक मी, साळवे. नाशिकरोडच्या वसाहतीतला, घराण्यातला पहिला बीएस्सी ॲग्री. पहिल्या दिवशी वडील मला एसटीत बसवायला आले आणि म्हणाले, "शिकून शेवटी शेतातच चालला की रे!" दुसऱ्या हौसाबाई. पेठकडच्या डोंगरातून हंगामाला कामाला आल्या आणि राहिल्याच. कागदावर त्या मजूर होत्या, पण प्रयोगाचं कुठलं झाड कुठे आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक. आणि तिसरे आमचे साहेब, डॉक्टर देवस्थळी. झाडं उन्हात, थंडीत, दुष्काळात कशी तग धरतात, त्यासाठी पोटातल्या पोटात कुठली द्रव्यं तयार करतात, हा त्यांचा विषय. पाटीवर "डॉ." लिहिलेलं. त्यामुळे झालं असं की...

पहिल्याच महिन्यात एक आजीबाई काठी टेकत आल्या. "डागदर, गुडघा लय दुखतोय."

साहेब अदबीनं म्हणाले, "आजी, मी माणसांचा डॉक्टर नाही. झाडांचा आहे."

"झाडाचं काय बगता?"

"सगळंच. पानं, खोड... मुळं तर विशेष."

आजींचा चेहरा उजळला. जवळ सरकून हळूच म्हणाल्या, "मंग मूळयाधीचं औषद आसंल!"

* * *

तेव्हा जीए नवीन होतं. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वेलीला वाढवणारं संजीवक. वेल स्वतःही ते थोडंफार बनवते, आपण वरून जास्तीचं द्यायचं. एवढीशी कुपी यायची, त्यात चिमूटभर पांढरी पावडर. पाण्यात कालवायची, घड एकेक करून त्या पाण्यात बुडवायचे, की मणी फुगतात. अडचण एकच होती. ती पावडर सरळ पाण्यात विरघळत नाही, आधी स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते. आणि स्पिरिट म्हटलं की परमिट आलं!

आमच्या शेजारी यशवंतआण्णांचा बाग. आण्णा म्हणजे जुना बागाईतदार, टोपी तिरकी, जीभ त्याहून तिरकी. आमचं प्रत्येक नवं औषध पहिलं त्यांच्या बागेत जायचं, कारण नाही म्हटलं तरी ते रात्रीतून घेऊन जायचे.

एक दिवस दारूबंदी खात्याचे इन्स्पेक्टर केंद्रावर हजर. "तुम्ही शेतकऱ्यांना स्पिरिट वाटता अशी तक्रार आहे."

साहेबांनी समजावलं की हे संजीवक विरघळवायला लागतं. इन्स्पेक्टरला पटेना. "मी वीस वर्षं नोकरी केली. द्राक्षाला दारू लागते हे आज ऐकतोय."

आण्णा कोपऱ्यात बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "रावसाहेब, त्यात काय आवघड हे? सगळी दुनिया द्राक्षापासनं दारू करती. आमी दारूपासनं द्राक्ष करतो!"

इन्स्पेक्टरनी वहीत नेमकं काय लिहिलं ते कळलं नाही. परत मात्र कुणी आलं नाही.

* * *

आता जीएचं प्रमाण. साहेबांनी गावसभेत सांगितलं, "चाळीस पीपीएम. म्हणजे दहा लाख भाग पाण्यात चाळीस भाग. जास्त टाकू नका. झाडाचं स्वतःचं गणित असतं, ते बिघडतं."

आण्णांनी मान डोलावली. ते मान डोलवायला लागले की मला धडकी भरायची.

त्या साली पिंपळगावला द्राक्ष प्रदर्शन होतं. परीक्षकांत आमचे साहेब. टेबलावर एक घड असा की बघणारे थांबत होते. मणी बोटाएवढे लांब, देठ पेन्सिलीसारखे जाड. शेजारी पाटी: "आण्णा स्पेशल, नवीन जात."

बाकीचे दोघं परीक्षक हरखले. साहेबांनी घड न उचलता नुसता वाकून पाहिला आणि मागे उभ्या असलेल्या आण्णांना विचारलं, "आण्णा, किती पीपीएम?"

"मोजलं नाय साहेब. मापाचा डबा घावला नाय."

"मग कसं टाकलंत?"

"जोरात!"

दोन विरुद्ध एक मतांनी आण्णांना पहिला नंबर मिळाला. बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ. प्रमुख पाहुण्यांनी टाळ्यांच्या गजरात फोटोसाठी घड उचलला, आणि सगळे मणी टपाटपा खाली! पाहुण्यांच्या हातात नुसता देठांचा सांगाडा राहिला. जीए जास्त झालं की देठ ताठतो आणि मणी धरून ठेवत नाही. फोटोत अजून तसंच दिसतं. पाहुणे हसतायत आणि हातात झाडू.

पण खरी गंमत पुढच्या साली. आण्णांचा बाग हिरवागार, पानं थाळ्याएवढी, आणि घड? शोधून सापडेनात. वेलीनं सगळा जोर लाकडात घातला. आण्णा घड्याळ बगलेत मारून केंद्रावर आले आणि ते टेबलावर ठेवलं. त्या दिवशी टोपी सरळ होती.

"साहेब, हे घड्याळ घ्या. माजा घड तेवढा द्या."

साहेबांनी जीप काढली, आण्णांच्या बागेत गेले आणि पुढचे तीन महिने रोज सकाळी तिथे जाऊन प्रत्येक वेल स्वतः बघितली. कुठली काडी ठेवायची, कुठली छाटायची ते खडूनं खुणा करून दाखवलं. तिसऱ्या साली बाग रुळावर आला. घड्याळ मात्र केंद्रावरच राहिलं. ते रोज वीस मिनिटं पुढे जायचं. आण्णा म्हणायचे, "त्यालाबी जीए जास्त झालंय!"

* * *

आमच्या बागाईतदारांचा एक लाडका शब्द आहे, ताण. बागेला ताण देणे म्हणजे पाणी तोडून वेलीला तहानलेली ठेवणे. साहेब एकदा महिलांच्या मेळाव्यात सांगत होते, "थोडा ताण वेलीला चांगला असतो. ताण पडला की तिला कळतं की दिवस वाईट आलेत. मग ती नुसती पानं वाढवत बसत नाही, फळाच्या मागे लागते."

पहिल्या रांगेत आण्णांच्या पत्नी, अनसूयाकाकू. त्या म्हणाल्या, "साहेब, ताणानं फळ येत असतं तर आमच्या घरात ह्यांच्यामुळं आंबराई उठली असती!"

पुढचं भाषण कुणाला ऐकू आलं नाही.

पुढे बागाईतदारांच्या मेळाव्यात साहेबांनी उदाहरण बदललं. "जमीन सुकली की मुळं गप्प बसत नाहीत. ती एक द्रव्य तयार करतात, ते खोडातून वर पानापर्यंत जातं, आणि पानं आपली छिद्रं मिटून घेतात. समजा, मुळांनी पानांना तार केली."

आण्णांनी विचारलं, "तार पोचायला किती टाइम लागतो?"

"काही तास."

"आमच्याकडं मेलेल्या माणसाची तार दहाव्याला येती. पोस्ट ह्या वेलींकडंच द्या की साहेब!"

थंडीचंही तेच. निफाडची थंडी म्हणजे जानेवारीत सकाळी पाण्याच्या नळीवर हात ठेवला तर हात तिथेच राहील अशी. साहेब कौतुकानं सांगत होते की काही झाडं थंडी वाढली की पेशींत साखर साठवतात, म्हणजे आतलं पाणी गोठत नाही. आण्णा कानटोपीतून म्हणाले, "आमीबी थंडीत डिंकाचे लाडू खातो. त्यात शोध कशाचा लागला?"

* * *

मे महिना. मुंबईहून मोठे साहेब केंद्र बघायला येणार होते. आम्ही बारा कुंड्यांत बारा वेली तयार केल्या. एकेक पान हौसाबाईंनी ओल्या फडक्यानं पुसलेलं. ऊन लागू नये म्हणून मी त्या कुंड्या कोठीत ठेवल्या आणि दार लावून घेतलं. त्याच कोठीत चार पेट्या आंबे होते, पिकलेले. ते मोठ्या साहेबांसाठी. बाहेर ठेवले असते तर उरले नसते, म्हणून कुलूपही घातलं. हुशारी सगळी माझी!

दोन दिवसांनी मोठे साहेब जीपमधून उतरले. मी ऐटीत कुलूप काढलं. आत आंब्यांचा घमघमाट आणि बारा कुंड्यांत बारा काटक्या. पानं सगळी पिवळी होऊन जमिनीवर.

मोठे साहेब म्हणाले, "ह्या वेलींना काय झालं?"

मी घामाघूम. देवस्थळी साहेबांना मात्र विषय निघाल्याचा आनंद झाला! ते खाली वाकले, एक पान उचललं आणि सांगायला लागले, "बघा, पिकलेल्या फळातून एक वायू बाहेर पडतो. इथिलीन. बंद खोलीत तो साठला की झाडाला वाटतं, पिकायची वेळ झाली, आता पान टाकून द्यावं. हे आंब्यांचं काम आहे."

"आंबे? इथे आंबे कुणाचे?"

आमचे साहेब आयुष्यात खोटं बोललेले नव्हते. "तुमचेच, साहेब!"

मोठ्या साहेबांच्या बरोबर दोन कारकून होते, त्यांनी छताकडे बघितलं. तपासणी दहा मिनिटांत आटोपली. वेलींबद्दल त्यांनी एक शब्द लिहिला नाही. आंबे मात्र नेले.

* * *

हौसाबाईंचा किस्सा सांगताना मला अजून हसू येतं, पण तेव्हा आलं नव्हतं.

साहेबांच्या डोक्यात एक कल्पना होती. तहानलेल्या वेलीच्या पानांत जे द्रव्य साठतं, त्याचा अर्क काढायचा आणि तो दुसऱ्या वेलींवर मारायचा. म्हणजे त्या आधीच सावध होतील, छिद्रं मिटतील आणि दुष्काळात टिकतील. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी बागा जळताना पाहिल्या होत्या. ते फार बोलायचे नाहीत त्याबद्दल, पण हा प्रयोग निघाला की त्यांचा आवाज बदलायचा.

चाळीस कुंड्या मांडल्या. वीस कुंड्यांना लाल चिठ्ठी, त्यांच्यावर अर्क मारायचा. वीस कुंड्यांना पांढरी चिठ्ठी, त्यांच्यावर नुसतं साधं पाणी फवारायचं. मुळाला मात्र दोन्हींनाही थेंब घालायचा नाही. पंधरा दिवसांत पांढऱ्या चिठ्ठीच्या वेलींनी माना टाकल्या. लाल चिठ्ठीच्या? टवटवीत! साहेब रोज सकाळी येऊन त्या वीस कुंड्यांपुढे उभे राहायचे. मी त्यांना पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं. निबंध लिहिला, पुण्याच्या परिषदेत तो स्वीकारला गेला, आमच्या दोघांची तिकिटं काढली.

निघायच्या आदल्या दिवशी मी दुपारी अचानक शेडमध्ये गेलो. हौसाबाई कळशी कमरेवर घेऊन लाल चिठ्ठीच्या कुंड्यांत तांब्या तांब्या पाणी घालत होत्या.

मी दारातूनच ओरडलो, "हौसाबाई, हे काय करता?"

"पानी घालते."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून."

"फक्त लालच का?"

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की ह्याला बीएस्सी कुणी केलं. "लाल चिठ्ठीवाल्यांना साहेब रोज औषद मारतात. औषद मारतात म्हंजे आजारी असतील ना? आजाऱ्याला तान्हेलं कोन ठेवतं?"

मी तासभर बागेत फिरलो. सांगावं की न सांगावं? मी सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. शेवटी संध्याकाळी साहेबांसमोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "तिकिटं सकाळच्या गाडीची ना?"

"आता जायचं साहेब?"

"निबंध स्वीकारलाय. जायला नको?"

पुण्याच्या सभागृहात शे-दोनशे शास्त्रज्ञ. मी शेवटच्या रांगेत, दाराच्या जवळ. साहेब व्यासपीठावर गेले, तक्ता लावला, लाल आणि पांढऱ्या रेघा दाखवल्या. लोकांनी कौतुकानं माना हलवल्या. मग साहेब म्हणाले, "वेलींना दुष्काळात जगवणारं द्रव्य सापडलं आहे. त्याचं नाव पाणी. ते श्रीमती हौसाबाई यांनी आम्हाला न विचारता दिलं. निबंध मी मागे घेतो."

असा हशा उसळला की अध्यक्षांची घंटा ऐकू येईना. पण हसणं थांबल्यावर एक म्हातारे शास्त्रज्ञ उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. हळूहळू सगळेच उठले. साहेब तक्ता गुंडाळत होते, त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

परत आल्यावर त्यांनी हौसाबाईंना बोलावलं. रागावले नाहीत. नीट समजावलं, प्रयोग म्हणजे काय, तहानलेलं का ठेवायचं. "पुन्हा मांडतोय. ह्या वेळी पाणी घालायचं नाही. कबूल?"

हौसाबाईंनी विचार केला. "कबूल. पर कुंड्या माज्या वाटंवर मांडू नका."

* * *

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एक नवीन औषध आलं. ऑक्टोबरची छाटणी झाली की वेलीचे डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, एकसारखे फुटत नाहीत, काही झोपूनच राहतात. हे औषध फडक्यानं डोळ्याला लावलं की त्याला आतून असा दणका बसतो की तो खडबडून जागा होतो. काम चार-पाच दिवसांचं. साहेबांनी हंगामाच्या सगळ्या मजुरांना गोळा करून तीन वेळा बजावलं, "हातमोजे घाला. आणि हे काम करताना, आणि नंतरही आठवडाभर, दारूला शिवायचं नाही. औषध अंगात गेलेलं असताना दारू घेतली तर जिवावर बेतेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्यात सुखदेव होता. हाताला गुणी, छाटणीत त्याच्यासारखा माणूस तालुक्यात नव्हता. पण दिवे लागायच्या आत त्याला बाटली लागायची. त्यानं हातमोजे खिशात ठेवले, दिवसभर उघड्या हातानं वेलीचे डोळे चोळले आणि पाच वाजता नेहमीच्या ठिकाणी गेला.

अर्ध्या तासात त्याची बायको, मंकर्णा, धावत केंद्रावर आली. "साहेब, चला! ह्यांचं काय झालं बगा!"

सुखदेव ओट्यावर पडलेला. तोंड, मान, छाती लालबुंद. छाती धाडधाड उडतेय, श्वास पुरत नाही. "साहेब, मेलो," एवढंच म्हणत होता. आम्ही त्याला जीपमध्ये घातलं आणि निफाडच्या दवाखान्यात नेलं. साहेबांनी औषधाची बाटलीच बरोबर घेतली होती, ती डॉक्टरांपुढे ठेवली. पुढचे दोन तास आम्ही बाकावर बसलो. आठच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले, "उतरलं. वाचला."

ही बातमी सकाळपर्यंत गावभर. मला वाटलं, आता मोर्चा येणार. आला! पंधरा-वीस बायका, पुढे अनसूयाकाकू, शेजारी मंकर्णा. साहेब माफी मागायला उठून उभे राहिले.

काकू म्हणाल्या, "साहेब, हिच्या नवऱ्याला लावलं तसं आमच्या गल्लीतल्या सगळ्या पिणाऱ्यांना ह्या कामाला लावा."

"अहो, तो मरता मरता वाचला! आणि हे औषध वेलीचे डोळे उघडायला आहे."

"वेलीचं ऱ्हाऊ द्या. त्याचे उघडले ना?"

"पण हे काम वर्षातून एकदाच, चार दिवस. वेल एकदाच झोपते."

मागून एक बाई ओरडली, "मंग तिला म्हैन्याला झोपवा!"

साहेबांनी त्या सगळ्यांना चहा पाजून कसंबसं परत पाठवलं.

पंधरा दिवस गेले. एका दुपारी सुखदेव एकटाच आला. दाढी केलेली, अंगात स्वच्छ सदरा. दारातच उभा राहिला.

"साहेब, त्या औषधाचा असर किती दिवस ऱ्हातो?"

"घाबरू नकोस. आठवडाभर. आता तुझ्या अंगात काही नाही."

"ते मला म्हाईत हे." तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. "पर उद्या बाजार हे. मी तुमाला पारावर हेच इचारीन, सगळ्यांच्या म्होरं. माझी सगळी दोस्तमंडळी तिथंच असत्यात. रोज हात धरून गुत्त्यावर ओढत्यात मला."

एवढं बोलून तो गेला.

दुसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, "साळवे, चला, बाजारातून जाऊन येऊ." साहेब कधी बाजारात गेलेले मला आठवत नाही. पारावर सात-आठ जण बसलेले, मध्ये सुखदेव. आम्हाला बघून तो उभा राहिला आणि मोठ्यांदा म्हणाला, "साहेब, त्या औषधाचा असर किती दिवस ऱ्हातो हो?"

सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघायला लागले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सहा महिने," ते म्हणाले. मग सुखदेवकडे नीट बघून, "काहींना वर्षभर."